वृषभ जॉबरनं बोट टेकवलं

मंडळी, ऐका!

आज एकच प्रश्न घेऊन उभी राहिले आहे. एखाद्याला काही द्यायचं, तर माप कुणाचं धरायचं? देणाऱ्याचं, की घेणाऱ्याचं?

लगेच माना हलवू नका! "घेणाऱ्याचं, घेणाऱ्याचं" — आलं, पहिल्या ओळीतून उत्तर आलं! उत्तर सगळ्यांनाच येतं हो. मग मला सांगा, परवा देवाला नैवेद्य काय दाखवलात? श्रीखंड! का? देवानं मागितलं होतं? नाही — जावयाला आवडतं! देव बिचारा गप्प बसतो. बोलला असता तर म्हणाला असता, "बाई, मला आज घोटभर ताक चाललं असतं." पण त्याला विचारतो कोण?

म्हणून मघाशी जे पद घेतलं —

देणाऱ्याचा हात मोठा, घेणाऱ्याची ओंजळ सान,
ओततो मी, ओततो मी — वाहून गेले सारे दान!

— त्याचाच अर्थ आता आख्यानातून बघायचा. आख्यान पुराणातलं नाही. यात रथ नाही, धनुष्य नाही, ऋषींचा शाप नाही. हे आख्यान आहे इचलकरंजीतल्या एका गिटारवाल्याचं!

हसलात? हसा. पेटीवाले बुवा माझ्याकडे असे बघतायत, जणू बाईंचं वय झालं. झालंच आहे! एक्याऐंशी. त्यामुळे झालंय असं की काल काय जेवले ते आठवत नाही, पण लग्न होऊन इचलकरंजीला आले तो दिवस जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे. घराला लागून मागाची शेड. खटाक-खट, खटाक-खट, खटाक-खट! भांड्यातलं पाणी हलायचं. नवरा काय बोलतो ते ऐकू यायचं नाही — तेव्हा वाईट वाटायचं, नंतर कळलं की फार काही बुडत नव्हतं!

आणि एक दिवस, भर दुपारी, वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. काय व्हावं? गल्लीतली झोपलेली सगळी पोरं दचकून उठली आणि भोकाड पसरून रडायला लागली! सासूबाई चुलीपुढून धावत बाहेर आल्या, "काय झालं? कोण गेलं?" मंडळी, जगात लोक आवाजानं जागे होतात. आमची गल्ली शांततेनं जागी व्हायची!

अशा गल्लीत वृषभ मगदूम जन्माला आला. चार महिन्यांचा असताना वडील गेले. आईनं वाढवलं. आईचं नाव राजमती. मोठा झाल्यावर वृषभ जॉबर झाला. जॉबर म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा माणूस. हातात पाना, अंगाला ग्रीस, आणि कान असा, की शंभर मागांत एकाचा धोटा अडकला तर लांबून सांगणार, "तिसऱ्या रांगेतला!"

आणि या वृषभला वयाच्या सोळाव्या वर्षी गिटारीनं धरलं.

कुठली गिटार? तुम्ही म्हणाल, ती सिनेमातली, झाडाखाली बसून वाजवतात ती. छे! ही विजेची गिटार. आणि संगीत कुठलं? मेटल! मला कुणीतरी सांगितलं, "काकू, वृषभ मेटल वाजवतो." मेटल म्हणजे धातू, एवढं इंग्रजी मला येतं. मला वाटलं झांजा असतील. घंटा असेल. म्हटलं बरं आहे, पोरगं आरतीला उपयोगी पडेल!

मग एका गणपतीत ऐकलं. वृषभच्या बँडचं नाव होतं 'भूकंप'. आमच्या वेळी भूकंप झाला की लोक घराबाहेर पळायचे, इथं लोक लांबून लांबून त्याच्या पुढ्यात येऊन उभे! काळे शर्ट, त्यावर कवटी. वृषभचे केस कमरेपर्यंत — माझ्या लग्नात माझे नव्हते एवढे! गिटार लोंबतेय गुडघ्याशी. आणि गाणारा असा ओरडत होता, की मी शेजारच्या मुलीला विचारलं, "अगं, त्याला कुणी मारलं का?" ती म्हणाली, "नाही हो आजी, हे प्रेमाचं गाणं आहे."

पण थांबा. मी टिंगल करायला उभी नाही. मी तिथं डोळे मिटले. वृषभची बोटं धावत होती आणि मला माझी जुनी गल्ली ऐकू आली. खटाक-खट, खटाक-खट! तेच माग. पोराला दुसरं कुठलं अंगाईगीत माहीत असणार? मला त्याच्याबद्दल माया वाटली हो.

तर, पुढं ऐका. लोक वृषभला विचारायचे, "गुरू कोण तुझा?" तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "मीच! कॅसेट ऐकून ऐकून शिकलो. कुणाच्या पाया पडलो नाही." बघा! स्वतःच गुरू, स्वतःच शिष्य. म्हणजे गुरुपौर्णिमेला नमस्कार आरशाला!

वीस वर्षं अशी गेली. आणि राजमती आजारी पडली.

मेंदूत रक्ताची गाठ झाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, बाई घरी आली. पण एक मागं राहिलं. तिला आवाज सोसेना. पेला फरशीवर ठेवला तरी डोक्यात कळ जायची. दार वाजलं, कुकरची शिट्टी झाली, की ती पदर कानाशी घट्ट धरून बसायची. विचार करा, जी बाई सगळं आयुष्य मागांच्या खटखटाटात राहिली, तिला आता चमचा सोसेना! डॉक्टर म्हणाले, "जपा. आवाज कमी. हळूहळू सुधारेल." गल्लीतले माग आता गावाबाहेर गेले होते, तरी वृषभनं खिडक्यांना गाद्या बांधल्या, दाराला रबर लावलं, भांडी लाकडी फळीवर ठेवली. गिटार माळ्यावर टाकली. घर कसं झालं? एकदम चिडीचूप.

आणि त्या चिडीचूप घरात राजमती खंगायला लागली. जेवेना. बोलेना. एक दिवस वृषभला जवळ बोलावलं.

"वृषभ."

"काय गं आई?"

"घर मेल्यासारखं झालंय रे. काहीतरी वाजव की."

"आई, तुला त्रास होतो ना!"

"डोक्याला लागू नये असं वाजव."

बस, एवढंच मागणं. डोक्याला लागू नये असं! वृषभनं माळ्यावरून गिटार काढली. आवाज मोठा करणाऱ्या पेटीला जोडलीच नाही, नुसती वाजवली, हळू — त्याच्या मतानं हळू. पहिल्याच तारेला राजमतीनं पदर कानाशी नेला. दुसरी तार — दोन्ही हात कानांवर. तिसऱ्या तारेला डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरीही ती माउली म्हणते, "वाजव, वाजव, बरं वाटतंय!" आईच ती. खोटं बोलणारच.

वृषभनं गिटार खाली ठेवली. वीस वर्षं हजारो लोकांना हलवलं, आणि एका बाईला बरं वाटेल अशी एक तार आपल्या हातात नाही! हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि त्यानं मनाशी ठरवलं, आईला तिचाच पाळणा वाजवून दाखवायचा. त्याच्या डोक्यात लहानपणापासून एक चाल होती. चार ओळींची, संथ. शब्द आठवत नव्हते, पण चाल पक्की. दुपारी झोळीत निजवताना आई गुणगुणायची ती. तीच वाजवायची, तिच्या डोक्याला लागणार नाही अशी! आईला सांगितलं? नाही! सांगितलं तर गंमत काय राहिली?

मिरजेला गेला. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं माहेर. तिथल्या एका वाद्यांच्या दुकानात जाऊन म्हणाला, "मला हळू वाजणारी गिटार द्या."

म्हाताऱ्या कारागिरानं सतारीचा भोपळा तासता तासता वरही बघितलं नाही. म्हणाला, "हळू गिटार नसते पाव्हणं. हळू हात असतो. चर्चच्या मागं जा. शांतवन मास्तरांना भेटा."

शांतवन मास्तर! वय चौऱ्याहत्तर, अंगात पांढरा सदरा, आवाज असा की समोरच्यानं आपोआप पुढं झुकावं. जन्मभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवला आणि तरुणपणी एका परदेशी डॉक्टरकडून क्लासिकल गिटार शिकले. क्लासिकल म्हणजे काय, तर वीज नाही, पेटी नाही, लोखंडी तारा नाहीत. नायलॉनच्या तारा आणि उघडी बोटं. बस!

वृषभ समोर बसला. आपण कोण हे कळावं म्हणून त्यानं मास्तरांच्याच गिटारीवर जे काही वाजवलं — बोटं दिसेनात! दोन मिनिटं वादळ. थांबला. मास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली.

"वा. फार तयारी आहे. आता एक स्वर वाजवा."

"कुठला?"

"कुठलाही. पण एकच."

वृषभनं तार छेडली.

मास्तर म्हणाले, "हा तुम्ही मारलात. वाजवा."

पुन्हा छेडली.

"हासुद्धा मारलाच. हातात काय आहे ते?"

"पिक आहे, मास्तर. यानंच वाजवतात."

"असं? बोटं कशाला दिलीत मग देवानं? खिशात ठेवा ते."

झालं! तार छेडायच्या ज्या चिमुकल्या पिकनं वीस वर्षं राज्य केलं, ते खिशात गेलं. मग मास्तरांनी आतून एक पाट आणला. हो, हो, जेवायचा पाट! म्हणाले, "डावा पाय यावर. पाठ सरळ. गिटार डाव्या मांडीवर, छातीशी. आता गुडघ्याशी लोंबवायची नाही." आमचा 'भूकंप' एक पाय पाटावर ठेवून असा ताठ बसला, जसा लग्नात अंतरपाट धरायच्या आधीचा नवरा!

"आणखी एक," मास्तर म्हणाले. "उजव्या हाताची नखं वाढवा. डाव्या हाताची रोज काढा."

"मास्तर, चार ओळींचा पाळणा आहे. मला दोन दिवस पुरतील."

"बघू," मास्तर म्हणाले.

मंडळी, 'बघू' हा शब्द फार वाईट. डॉक्टर म्हणाले तर भ्यावं, पाटबंधारे खात्यानं म्हटलं तर विसरून जावं, आणि गुरूनं म्हटलं तर — वर्ष काढावं!

आता नखांची गंमत ऐका. शेडमधले कामगार कशाला सोडतात? "वृषभदा, नेलपॉलिश कुठलं आणू?" "वृषभदा, मेंदी कधी, हळद कधी?" तीन वेळा वाढवली, तीन वेळा पाना सटकून तुटली. चौथ्या वेळी हा गडी जॉबरकी करताना उजव्या हाताला लोकरीचा मोजा घालून फिरायला लागला. एप्रिल महिन्यात! इचलकरंजीत! घरी राजमतीनं त्याचे हात बघितले. म्हणाली, "अरे, निम्मीच नखं कापलीस?" हा म्हणाला, "विसरलो." "रोज निम्मी विसरतोस?" यानं हात पाठीमागं लपवले!

तालमीला जागा कुठली? घरी तर गुपित. म्हणून मागांच्या सुट्टीच्या वारी मास्तरांची गिटार घेऊन शेडमध्ये एकटा बसायचा. आणि काय होई? ती चार ओळींची चाल घ्यायला जावी, तर बोटं पळायची! जिथं चार मात्रा थांबायचं, तिथं हा मध्ये सोळा स्वर भरायचा. रिकामी जागा दिसली की भर! आपणही काय वेगळं करतो? घरात कोपरा मोकळा दिसला की शोकेस!

आठ महिने झाले. आठ! राजमती तिकडं अर्धी भाकरी खाते, भिंतीकडं बघते. डॉक्टर म्हणाले, "कान सुधारतोय, पण बाईंनी मन सोडलंय." आणि पाळणा पहिल्या ओळीत अडकलेला.

कशात अडकला होता? नीट ऐका, सगळी गोष्ट इथंच आहे. क्लासिकल गिटारीत तार छेडण्याची एक रीत असते. बोटानं तार छेडली, की ते बोट हवेत उडवायचं नाही. ते पुढच्या, शेजारच्या तारेवर अलगद जाऊन विसावतं. मग आवाज गोल येतो, भरीव येतो, आणि टोचत नाही. मास्तर या रीतीला आपल्या मराठीत म्हणायचे — टेकवणं. आणि वृषभचं बोट काही टेकेना! छेडलं की मांजराच्या पंजासारखं वर! सगळा हातच उसळायचा.

एक दिवस शांतवन मास्तरांची शांती संपली. चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"हात नको, मगदूम! बोट टेका!"

आता काय झालं बघा. वीस वर्षं पेट्यांपुढं उभं राहून वृषभचे कान अर्धे गेलेले. त्याच्या डाव्या कानात मधलं काही शिरलंच नाही. त्याला काय ऐकू आलं? "हात... टेका!"

अहो, कानडी माणूस असता, गुजराती असता, तर काही बिघडलं नसतं. पण मराठी माणसाला तुम्ही हात टेका म्हणालात, तर त्याचा अर्थ काय? हरलास! सोड! तुझ्याच्यानं होत नाही!

वृषभ उठला. तोंड लाल. म्हणाला, "टेकायचे? टेकू? हे बघा टेकले!" — आणि दोन्ही तळहात थाडकन फरशीवर आपटले! "आठ महिने लहान पोरासारखा पाटावर पाय ठेवून बसलो. मला सगळी इचलकरंजी वृषभदा म्हणते. टेकले हात! समाधान झालं?" आणि गेला निघून.

मास्तर दारापर्यंत आले. शेजारणीला म्हणाले, "मी बोट म्हणालो, आणि यानं हात का टेकले?"

घरी येऊन वृषभनं काय केलं? सगळी नखं कापून टाकली. राजमतीनं बघितलं. म्हणाली, "आज नाही विसरलास." एवढंच बोलली, आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. कारण आईला गिटार माहीत नव्हती, पाळणा माहीत नव्हता, पण पोरानं काहीतरी सोडलंय एवढं नखांवरनं कळलं! आईला कळायला किती लागतं?

तीन आठवडे गेले. आणि एका दुपारी, माग ऐन भरात, शेडच्या दारात कोण उभं? शांतवन मास्तर! मिरजेहून एसटीनं. एका हातात छत्री, एका खांद्याला गिटार, आणि काखेत — पाट!

खटाक-खट, खटाक-खट! दोघंही ओरडून बोलतायत.

"मास्तर! तुम्ही इथं?"

"पाट घेऊन आलोय! शिष्य विसरून गेला होता!"

"तुम्हीच म्हणालात ना, हात टेका!"

"काय?"

"हात टेका म्हणालात!"

"बोट!" मास्तरांनी एक बोट वर केलं. "बोट म्हणालो, बोट! कान दाखवून घ्या, मगदूम!"

वृषभचं तोंड बघण्यासारखं झालं. तीन आठवडे ज्या अपमानावर माणूस जगला, तो अपमान झालेलाच नव्हता! मंडळी, आपल्या घरातली निम्मी भांडणं अशीच असतील का हो? तो काय म्हणाला ते राहिलं बाजूला, मला काय ऐकू आलं त्यावर चौदा वर्षं अबोला!

मास्तरांनी शेडभर बघितलं. कान दिला. मग वृषभच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आता कळलं. या आवाजाच्या वर निघायचं म्हणून तुम्ही जन्मभर वाजवत आलात. नाही का?"

वृषभनं हातातला पाना खाली ठेवला.

"आज इथंच बसा. माग चालू असू देत. वाजवा."

"मास्तर, इथं काय ऐकू येणार?"

"काही नाही. म्हणूनच म्हणतो. ऐकू नका. बोटाला काय कळतं ते बघा."

वृषभ बसला. पाय पाटावर. सभोवार शंभर माग. यांच्यापुढं त्या नायलॉनच्या तारेचं काय चालणार? जोर लावायचा तरी कशासाठी? कितीही जोर लावला तरी ऐकू यायचंच नाही! आणि बघा, जन्मात पहिल्यांदा त्यानं जोर लावला नाही. डोळे मिटले. तार छेडली. बोट आपसूक पुढच्या तारेवर गेलं, आणि टेकलं. जसं रानातून आलेलं माणूस उंबऱ्यावर टेकतं, तसं. आवाज कुणालाच आला नाही. मास्तरांनी फक्त बोट बघितलं.

म्हणाले, "हं."

'बघू' नंतर आठ महिन्यांनी 'हं'! काय ती प्रगती!

पण तिथून वाट लागली — चांगली वाट लागली, हो! पुन्हा नखं वाढली, पुन्हा मोजा आला. आणखी सहा महिने. एकूण चौदा. आणि चार ओळी पुऱ्या झाल्या. मास्तर म्हणाले, "जा. वाजवा."

दुपार होती. राजमती खाटेवर बसलेली, पुढ्यात तांदूळ निवडायचं ताट. तेवढंच काम ती करायची, कारण तांदूळ वाजत नाहीत. वृषभ गिटार घेऊन आत आला. गिटार बघितली मात्र, तिचा हात पदराकडं गेला!

"घाबरू नको आई."

"घाबरत न्हाई. वाजव."

पण पदर कानाशीच. वृषभनं पाट मांडला, पाय ठेवला.   पहिला स्वर. बोट टेकलं. दुसरा. तिसरा. थांबायचं तिथं थांबला, रिकाम्या जागी काही भरलं नाही. पहिली ओळ झाली. राजमतीचा पदर कानापासून बोटभर सरला. दुसरी ओळ — पदर खांद्यावर आला. तिसऱ्या ओळीला तिनं तांदळाचं ताट बाजूला सारलं. चौथी ओळ संपली तेव्हा तिचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते.

लागलं नाही! डोक्याला लागलं नाही!

"छान हाय," राजमती म्हणाली. "लई छान हाय रे. कुठलं गाणं?"

वृषभ हसला. "कुठलं म्हणजे? ओळखलं नाहीस?"

"न्हाई."

"अगं, तुझा पाळणा! मला झोळीत घालून म्हणायचीस तो!"

राजमती सावरून बसली.

"माझा? मी कुठला पाळणा म्हणणार, लेकरा? मला गाणं कुठं येतंय?"

"आई, मला पक्कं आठवतंय! दुपारी, झोळीत —"

"दुपारी मी घरी कुठं होते? तुझे बाबा गेले तवापासून मी कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जात होते. सकाळी सातला जायची, दिवस मावळताना यायची. तुला शेजारची यल्लव्वा निजवायची. गोकाकडची. ती कानडीत म्हणायची काहीतरी."

बघा मंडळी! म्हणून शब्द आठवत नव्हते! कानडी शब्द कसे आठवणार?

चौदा महिने! पाच वेळा नखं! एक मोजा, एक पाट, एक भांडण! आणि वाजवलं काय? शेजारणीचं गाणं! ज्या माणसाला विचारायचं होतं, ते माणूस पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडत बसलेलं, आणि यानं एकदा तोंड उघडून विचारलं नाही, "आई, तू कुठलं गाणं म्हणायचीस?" का? तर गंमत करायची होती!

वृषभचा चेहरा पडला. गिटार मांडीवरून काढायला लागला. म्हणाला, "चुकलं आई. मला वाटलं तुझंच आहे."

राजमतीनं त्याचं मनगट धरलं.

"ठेवू नको."

"अगं पण हे तुझं नाही."

"म्हणून तर," ती म्हणाली. "मी कामावर असायची रे. यल्लव्वा सांगायची, तुझं पोरगं आज असं निजलं, तसं निजलं. मी कधी बघितलं न्हाई. कधी ऐकलं न्हाई. तू दुपारचा कसा झोपायचास ते मला कधी कळलंच न्हाई. आज कळलं." मग म्हणाली, "परत वाजव. आणि सावकाश. मला यल्लव्वा दिसली पाहिजे."

आणि वृषभनं परत वाजवलं. त्या दुपारी अकरा वेळा वाजवलं. हे मला राजमतीनंच सांगितलं. बाराव्या वेळेला ती म्हणाली, "आता भाकरी दे."

...

तर मंडळी, झालं काय? पोरगं चुकलं, की नाही चुकलं?

चुकलं! सरळ चुकलं. विचारलं नाही. पण एक मात्र त्यानं आईच्या मापानं केलं. 'डोक्याला लागू नये असं' — एवढं तिनं मागितलं होतं, आणि तेवढ्यासाठी त्यानं आपला वीस वर्षांचा हात खाली आणला. जे मापानं दिलं ते पोचलं. उरलेलं, गाणं कुणाचं ही चूक, ती देवानं सांभाळून घेतली. प्रत्येक वेळी घेईलच असं नाही हो! त्याच्या भरवशावर राहू नका!

आता तुमच्याकडं येते. पळू नका! सूनबाई, सासूला मोठा टीव्ही घेऊन दिलात ना? तिला बोलायचं असेल. सासूबाई, फार हसू नका! सुनेला दर दिवाळीला जरीची साडी नेसवता, तिला दुपारी तासभर दार लावून पडू दिलंत कधी? आणि मागं उभ्या असलेल्या मामांनो, बायकोला न विचारता आणलेला मिक्सर कितवा?

घरी जा आणि विचारा, "तुला काय हवंय?" पहिलं उत्तर काय येईल ते मी आत्ताच सांगते. "काही नको." ते उत्तर नव्हे. ती दाराची कडी आहे. तिथंच उभं राहा, जरा वेळ. आतून निघते.

चला, आता गजर. पण मृदंगवाले, आज थाप जरा हलकी ठेवा. तिकडं खांबापाशी एक आजी मघापासून गाढ झोपल्या आहेत. नका, नका — उठवू नका त्यांना! कीर्तनाला आल्या होत्या, पण त्यांना आज झोपच हवी असेल. आपण गजर करू या त्यांना लागणार नाही असा.

घ्या. हळूच —